खदानीवरची येळवस

चांगुणाबाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं मी आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळात दोन-तीनदा बोललो. प्रत्येक वेळी सगळ्यांनी माना हलवल्या आणि माझ्याकडेच पाहिलं, कारण मी मंडळाचा सचिव. सचिव झालो तोही असाच. पहिल्या बैठकीत एकट्या माझ्याच खिशाला पेन होतं. मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. तिकिटं फाडणाऱ्याला लिहायची सवय नसते, आणि मला तर 'पुढे सरका' हेही कधी मोठ्याने म्हणता आलं नाही. तरी लिहितो. यातली एक गोष्ट लिहिल्याशिवाय बाईंची गोष्ट पुरी होत नाही, आणि ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

लातूरच्या एका टोकाला, डाळमिलांची रांग संपते तिथे, चाळीसेक एकरांचा मुरमाड माळ आहे. मधोमध दगडाची जुनी खदान. खदान बंद पडली, तिच्यात पाणी साठलं, भोवती बोरी, हिवर, तरवड वाढले आणि कंबरेएवढं गवत. महानगरपालिकेने काही वर्षांपूर्वी त्याला तारेचं कुंपण घातलं आणि फाटकावर 'निसर्ग उद्यान' अशी पाटी लावली. लोक मात्र त्याला खदानच म्हणतात. रिक्षावाल्याला निसर्ग उद्यान सांगितलं तर तो भलत्याच बागेत नेऊन सोडतो.

चांगुणाबाई तिथल्या रखवालदार. वय साठीच्या आसपास. नक्की त्यांनाही माहीत नाही. उंची बेताची, पातळावर खाकी शर्ट, पायात लेकीने दिलेले पांढरे बूट. लेक महामाया नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. ती फोनवर म्हणते, "आई, पुरं झालं आता, इकडं ये." बाई म्हणतात, "येते की. एवढा उन्हाळा जाऊ दे." असे चार उन्हाळे गेलेले मी पाहिलेत.

खदानीशी त्यांची ओळख फार जुनी. लग्न होऊन चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातून त्या इथे आल्या त्या खडी फोडायलाच. भूकंपानंतर सगळीकडे घरं उभी राहत होती, तेव्हा दिवस मावळेपर्यंत इथे हातोडी चालायची. नवरा छातीच्या आजाराने लवकर गेला. पुढे खदानीला पाणी लागलं, काम थांबलं. बाई कुंपणापलीकडच्या वस्तीत राहिल्या, लोकांच्या रानात खुरपायला गेल्या, लेकीला शिकवलं. उद्यान झालं तेव्हा पालिकेच्या ठेकेदाराने विचारलं, या माळाची माहिती कुणाला आहे? सगळ्या वस्तीने एकच नाव सांगितलं.

त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यात एक मुंगूस पाणी प्यायला गेलं आणि खदानीत पडलं. कडा उभ्या, ताशीव. त्याला वर येता येईना. बाईंनी दोरीला टोपली बांधून सोडली, पण ते टोपलीलाच भ्यालं आणि बुडालं. दुसऱ्या दिवसापासून त्या फेरी मारताना दगड उचलून पूर्वेच्या कोपऱ्यात टाकू लागल्या. मी विचारलं, "बाई, हे काय?"

"ह्यातलेच काडले होते मी. परत ठिवून राहिले."

वस्तीतली माणसं सुट्टीच्या दिवशी मदतीला आली. वर्षभरात तिथे चांगला उतार तयार झाला. आता त्यावरून ससे, तितर, मुंगसं, एक म्हातारी घोरपड, सगळी पाण्याला उतरतात. पालिकेच्या अहवालात त्या उताराला काहीतरी मोठं नाव आहे. बाई त्याला घसरगुंडी म्हणतात.

आमच्या मंडळानेही सुधारणा केल्या. आमचे अध्यक्ष शेषेराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले. चाकूरकडे त्यांची तीस एकर जमीन आहे. माणूस कामाचा, पण त्यांना सगळं रांगेत लागतं. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एका रविवारी काटेरी झुडपं म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या बोरी तोडल्या आणि तिथे गुलमोहर लावले. बाईंची तेव्हा सुट्टी होती. सोमवारी त्या फाटकावर उभ्या होत्या.

"कुनी तोडल्या?"

"आम्ही," शेषेराव म्हणाले. "लोकांचे कपडे फाटत होते, चांगुणाबाई."

"मग लोकं शिवून घितील की साहेब. खोकडानं आता काय खावावं, गुलमोहर?"

खोकड म्हणजे कोल्ह्याचा लहान भाऊबंद, शेपटीचं टोक काळं. मुरमाच्या ढिगात त्याची जोडी राहायची. बाईंनी मला काडीने उकरून त्याची लेंडं दाखवली होती; नुसत्या बोराच्या बिया. खोकडं बोरं खातात हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. त्या बोरींना पुढच्या पावसात पुन्हा फुटवे आले, आणि ते कुणी तोडू नयेत म्हणून सकाळच्या फेरीत लक्ष ठेवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. गुलमोहर वाळून गेले. शेषेरावांनी तो विषय परत काढला नाही, आणि बाईंनीही नाही.

आता येळवशीचं सांगतो. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षाच्या अमावस्येला अख्खं लातूर रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, मग मिसळ भाज्यांची भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, खीर, ताकातली आंबील. रस्त्यावर त्या दिवशी चिटपाखरू नसतं. ज्यांना रान नाही ते ओळखीच्यांच्या रानात जातात. ज्यांची तशी ओळख नाही, ते कुठे जात असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता.

ते खदानीवर यायचे. उद्यान होण्याआधीपासून वस्तीची दीडशे-दोनशे माणसं येळवशीला माळावर चुली मांडायची. कुंपण झाल्यावरही पालिकेने तेवढा एक दिवस चालू ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी संध्याकाळी माळाला आग लागली. आठ-दहा एकर गवत जळालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ओच्यात गोळा करून आणलेली जळालेली जनावरं मी पाहिली: तितराची पिल्लं नव्हती, हंगाम नव्हता, पण दोन ससे होते आणि एक घोरपड. खोकडांची जोडी निघून गेली. ठपका वस्तीवर आला. येळवस बंद झाली. बाईंना लेखी ताकीद मिळाली, पुन्हा असं झालं तर काम जाईल. कुंपणाच्या तारा मग वस्तीच्या बाजूने कापल्या जाऊ लागल्या, आत कचरा येऊ लागला, कारण जिथे आपल्याला मज्जाव आहे ती जागा सांभाळायची कुणी आणि का?

ती आग माझ्या हातून लागली होती.

आमचं रान साठवण तलावात गेलं, त्याला तीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला. येळवशीला मी आणि बायको घरीच भज्जी करून खातो. त्या संध्याकाळी मला काय वाटलं कोण जाणे, कडब्याची एक पेंढी घेऊन मी एकटाच खदानीवर गेलो. दिवेलागणीला पेंढी पेटवून पिकातून फिरवायची, याला हेंडगा म्हणतात. माझे वडील फिरवायचे, मी मागे पळायचो. वस्तीची माणसं जेवणं उरकून निघाली होती. मी पलीकडच्या कोपऱ्यात हेंडगा पेटवला आणि पंधरा-वीस पावलं चाललो. वाऱ्याने ठिणग्या उडायला लागल्या तसा घाबरलो, पेंढी पायाखाली विझवली, चांगली विझवली असं मला वाटलं, आणि घरी आलो. घरी चहा होईपर्यंत गच्चीवरून धूर दिसत होता.

हिरव्या पिकात फिरवायची गोष्ट मी वाळल्या गवतात फिरवली. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढं कळू नये!

आठ दिवसांनी बाईंनी मला फाटकावर थांबवलं आणि घडी घातलेला मफलर हातात दिला. माझाच. धुतलेला होता. एका कडेला जळाल्याचं भोक.

"पलीकडच्या कोपऱ्यात घावला," त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन निघून गेल्या.

मी घरी गेलो. सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. रोज सकाळी फाटकातून जाताना त्या "या कंडक्टर भाऊ" म्हणायच्या आणि माझी मान खाली जायची. दुसरं काही त्या कधी बोलल्या नाहीत.

या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि बाईंनीच येळवशीचा विषय काढला. उद्यान विभागात आरती मॅडम म्हणून नव्या अधिकारी आल्या आहेत. तरुण आहेत, ऐकून घेतात. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, वस्तीला येळवस परत द्या, कुंपण आपोआप नीट राहील. मॅडम म्हणाल्या, मंडळाची हरकत नसल्याचं पत्र आणा, मग बघू.

बैठक फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. आम्ही मंडळाचे सात-आठ जण, मॅडम, बाई, आणि वस्तीतर्फे आनंदराज. तो ऑटो चालवतो. दोन मुलं आहेत. शेषेरावांनी आदल्या दिवशीच मला पत्र सांगून लिहून घेतलं होतं. हरकत असल्याचं. ते माझ्या खिशात होतं.

"भावना कळतात हो मला," शेषेराव म्हणाले. "पण हे जनावरांसाठी राखलेलं रान आहे. जत्रा भरवायला नाही."

"साहेब, तुमाला रान हाय," बाई म्हणाल्या. "तुमाला येळवस त्या दिशी सकाळी आठवली तरी चालती. आमाला आठ दिस आदीपासून इचार पडतो, कुनाच्या बांधावर जावं म्हणून. मी ल्हान आसताना मालकाची पंगत उठल्यावर आमी बसायचो. बांधाच्या पल्याड. लेकराला वाटायचं, आपली कोप का न्हाई? ह्या खदानीवर पयल्यांदा आमी आमची कोप घातली."

 शेषेराव चष्मा पुसू लागले.

"आन् परत पेटलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी त्याच दिशी नांदेडची गाडी धरते. तुमाला काडायचं काम पडनार न्हाई."

त्या हे इतक्या सहज बोलल्या की मला वाटलं, सगळ्यांना ऐकू आलं की नाही. ज्या बाईने आपल्या हातांनी दगड रचून ससे पाण्याला उतरवले, तिने ते सगळं एका दिवसासाठी पणाला लावलं होतं.

"वैजनाथराव, पत्र वाचा," शेषेराव मला म्हणाले.

मी उभा राहिलो. कागद उलगडला. "दोन वर्षांपूर्वी वस्तीतील नागरिकांनी लावलेल्या आगीत," इथपर्यंत वाचलं आणि पुढे जाईना. सगळे वाट पाहत होते. मी ती ओळ परत वाचायला गेलो, पण तीही येईना.

"अक्षर लागत नाही का? तुमचंच आहे," शेषेराव म्हणाले.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "ती आग मी लावली. हेंडगा फिरवला होता. विझला असं वाटलं."

शेषेरावांनी माझ्याकडे पाहिलं. "वैजनाथराव, बसा. बी.पी.ची गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली."

"अहो, तुम्ही घरात गॅस पेटवायचा तर वहिनींना हाक मारता!"

एक-दोघं हसले. मी खिशातून मफलर काढून जळालेली कड दाखवली. तेव्हा हसणं थांबलं.

आनंदराज उठून उभा राहिला. तो म्हणाला, "काका, दोन वर्षं ह्या फाटकावर आमच्या लेकरांना आगलावे म्हणून हाका मारल्या लोकांनी. माझा धाकटा आता इकडं यायचं नाव घेत न्हाई."

मी हात जोडले. त्याने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. अजूनही तो माझ्याशी बेतानेच बोलतो, आणि ते बरोबर आहे.

मी सचिवपदाचा राजीनामा तोंडी देऊन टाकला. शेषेराव म्हणाले, "ते नंतर बघू, आधी नवीन पत्र लिहा." मग बाईंकडे वळून, जरा रागाने, "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, सांगतील त्यांचे ते." बाई म्हणाल्या. "लई दिवस लागले म्हणा."

नवीन पत्रात काय लिहायचं ते बाईंनी सांगितलं, मी लिहिलं. गवताचं बी झडलेलं आहे, तर वस्तीच्या बायांनी कुंपणालगत आणि खदानीभोवती दहा-दहा पावलं रुंद पट्टा कापायचा, गवत शेरडांना न्यायचं. मुरमाच्या ढिगाकडे विळा लावायचा नाही. चुली फक्त पाण्याच्या काठी, घसरगुंडीलगतच्या उघड्या खडकावर. तिथे पेटायला काही नाहीच. शेषेरावांनी एक सुधारणा सुचवली, पट्टा बारा पावलांचा हवा. बाई म्हणाल्या, "बरं, बारा." नंतर मला हळूच म्हणाल्या, "तुमचे साहेब पावलं ल्हान टाकत्यात, म्हनून."

मॅडमनी शेवटची अट घातली. हेंडगा अजिबात नाही.

"हेंडगा तर होनार, मॅडम," बाई म्हणाल्या. "न्हाई म्हनलं की कुनीतरी चोरून करतंच. खडकावर, पान्याच्या कडंनं करू, समद्यांसमोर. आन् ह्यांनीच धरायचा."

त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

येळवशीच्या आधीचे आठ दिवस मी रोज दुपारी खदानीवर होतो. विळा चालवायची सवय गेलेली, तळहाताला फोड आले. बाया माझ्या पट्ट्याकडे बघून हसायच्या. "भाऊ, ही कटिंग हाय का टक्कल?" एकीने विचारलं. चौथ्या दिवशी शेषेराव आले. त्यांनी दोरी लावून पट्टा सरळ केला आणि मग स्वतःच विळा घेतला. ते माझ्याहून चांगलं कापतात, हे सांगायला हवं.

येळवशीला सकाळपासून खडकावर चुली पेटल्या. पाच कोपी उभ्या राहिल्या. एका कोपीवर कुणाच्यातरी लग्नातली जरीची शाल. माझी बायको भज्जीचं पातेलं घेऊन आली आणि बायांत जाऊन बसली. दुपारी आरती मॅडम आल्या. त्यांना तीन कोपींत जेवावं लागलं. शेषेराव दरसाल आपल्या शेतात असतात. पण चारच्या सुमारास तेही आले, शेतातली खीर डब्यात घेऊन. पट्टा बघायला आलो, असं म्हणाले. बाईंनी त्यांना आंबील दिलं आणि चाललेल्या पंगतीत मधोमध जागा करून बसवलं.

आनंदराजचा धाकटा आला होता. तो घसरगुंडीच्या दगडांवर बसून पाण्यातले मासे बघत होता.

दिवस मावळायला लागला. बाईंनी कडब्याची पेंढी माझ्या हातात दिली. 

"मफलर काडा आदी," त्या म्हणाल्या.

मी काढला. त्यांनी तो आपल्या डोक्याला बांधला, ओलं पोतं खांद्यावर घेतलं आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. दहा-बाराजण पाण्याच्या बादल्या घेऊन दोन्ही बाजूंना. आनंदराजने काडी ओढली. पेंढी पेटली आणि मी चालू लागलो. पाण्याच्या कडेने, खडकावरून, जमेल तेवढ्या लवकर. मागून पोरं ओरडत येत होती. ओरडताना जे शब्द म्हणतात ते जुने कानडी आहेत. अर्थ कुणालाच सांगता येत नाही, पण वडील तेच म्हणायचे. त्या दिवशी मीही म्हणालो, आणि माझा आवाज पलीकडच्या कड्यावरून परत आला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा आवाज मी काढला नव्हता.

"बास," बाई मागून म्हणाल्या. मी पेंढी पाण्यात बुडवली. चर्र झालं, वाफ आली. बाईंनी तरीही ती बाहेर काढली, पोत्याने दाबली आणि परत बुडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्या आणि चार-पाच बाया खडक झाडत होत्या. राखेचं एक टोपलं, कचऱ्याची दोन पोती. माळ जसाच्या तसा होता. बाईंनी मला हाक मारून मुरमाच्या ढिगाकडे नेलं. थोडं अलीकडेच थांबवलं. मातीत ताजी उकर होती, आणि समोर, कापलेल्या पट्ट्याच्या अगदी मधोमध, लेंडं पडलेली. त्यांनी काडी माझ्या हातात दिली. मी उकरलं. बोराच्या बिया.

"खोकड परत आलं म्हणायचं," मी म्हणालो.

"ते आठ दिसांपासून हाय. सांगितलं आसतं तर तुमी बघायला गर्दी केली आसती."

मग न राहवून मी विचारलं, मफलर सापडला तेव्हाच माझं नाव का घेतलं नाही? वस्तीवरचा आळ तरी गेला असता. त्यांनी काडी माझ्या हातातून परत घेतली.

"माझं कुनी ऐकलं आसतं का, भाऊ? लोकं म्हनली आसती, बाई आपल्या वस्तीला वाचवून राहिली. ते तुमीच सांगायला पायजे होतं." मग जरा हसून म्हणाल्या, "आन् तुमचा सभाव मला माईत हाय. नाव निघालं आसतं तर तुमी परत ह्या फाटकात आला नसता. बोरी कुनी राखल्या आसत्या मग?"

पुढच्या आठवड्यात फाटकावरच्या पाटीखाली पालिकेची दुसरी पाटी लागली. उद्यानाच्या वेळा, नियम, आणि शेवटी एक ओळ: वेळ अमावस्येला सर्वांसाठी खुले. मजकूर तपासायला मॅडमनी माझ्याकडे पाठवला होता, कारण सचिव अजून मीच आहे. कुंपणाच्या कापलेल्या तारा आनंदराजने आणि आणखी दोघांनी स्वतः येऊन जोडल्या. खाली ससा जाईल एवढी फट बाईंनी मुद्दाम ठेवून घेतली.

महामायाचा फोन परवा आला होता. बाईंनी सांगितलं, येते की, एवढा उन्हाळा जाऊ दे.

मफलर अजून त्यांच्याकडेच आहे. थंडीत सकाळी फाटकावर तो बांधूनच उभ्या असतात, जळालेली कड कानाशी येते. "या कंडक्टर भाऊ," म्हणतात. मी मान वर करून आत जातो.